सातवीतल्या मुलाला इंजिनिअरिंग फाउंडेशन क्लास लावायचा का?

हापूसघर
नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे, सेमी इंग्लिश, आम्ही देवगड तालुक्यात राहतो. कणकवलीला एका क्लासवाल्यांनी प्री-इंजिनिअरिंग फाउंडेशन म्हणून बॅच काढलीय, सहावी ते आठवी, दर रविवारी पाच तास सायन्स आणि मॅथ्स, फी वर्षाला ३८ हजार. शाळेत येऊन सेमिनार घेऊन गेले, आत्ता सुरू केलं नाही तर अकरावीत मागे पडेल म्हणाले, आणि तेव्हापासून घरात तोच एक विषय चाललाय. एसटीने जाऊन-येऊन तीन तास, म्हणजे रविवार गेलाच. मिस्टर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, ते म्हणतात माझ्याबरोबर बसला तर जास्त शिकेल. मला पटतं पण धाकधूकही वाटते, उद्या हाच म्हणायचा की तुम्ही मला क्लास लावला नाहीत. पोराला विचारलं तर म्हणे मित्र जातायत म्हणून जातो. कोणी लावला असेल तर खरं काय ते सांगा.

चिपळूणचा बाबा
ताई, आधी एक. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरांसाठी गाइडलाइन्स काढल्यात, त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं सरळ लिहिलंय. मध्येच सोडलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे १० दिवसांत परत द्यायचे हेही त्यात आहे. प्रत्यक्षात किती पाळतात ते आपल्याला माहितीय, पण फी भरायच्या आधी हा रिफंडचा मुद्दा काढून बघा, समोरच्याचा चेहराच सांगेल. आणि पूर्ण फी एकदम भरू नका, काही झालं तरी.

खळ्यातली_सावली
आम्ही लावला होता, दोन वर्षं. नाव घेत नाही. लेक आठवीत होती आणि वहीत त्रिकोणमिती, व्हेक्टर, काय काय. मी खूश, शेजारी खूश. एकदा सहज विचारलं, साईन थर्टी किती? पटकन म्हणाली अर्धा. म्हटलं कशाचा अर्धा? गप्प. मग म्हटलं बरं, खळ्यातल्या माडाची उंची सांग बघू. माझ्याकडे अशी बघत राहिली जशी काय मी तिला माडावर चढायलाच सांगितलंय.
शेवटी आम्हीच मीटरची पट्टी उन्हात उभी केली, सावली ८० सेंटिमीटर. लगेच माडाची मोजली, ती ११ मीटर २० सेंटिमीटर. म्हणजे माड १४ मीटर. सातवीतलं साधं गुणोत्तर-प्रमाण, बाकी काही नाही. पुढे नारळ काढायला गडी आला तेव्हा वरून दोरी सोडायला लावून खात्री केली, हातभर कमी भरली. त्या हातभराचं काय झालं यावर ती दोन दिवस डोकं खाजवत होती, खळं उताराचं आहे हे तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. क्लासमध्ये एवढी कधी कुठल्या गणिताच्या मागे लागलेली बघितली नाही मी.

अकरावीत_आपटलेला
थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. मी गुहागरकडचा, आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी मीडियम, ९३ टक्के, आणि अकरावीला फिजिक्सच्या पहिल्या महिन्यातच आडवा. घरी काजूची झाडं मोजण्यापर्यंत सगळं छान असतं पण तिकडे रोज चाळीस-चाळीस गणितं सोडवायची सवय लागते आणि ती आपल्याकडच्या पोरांना नसते, हे कोणी सांगत नाही. इंजिनिअरिंग प्रवेशाची जेईई मेन परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते हे खरं, पण सरावाची पुस्तकं, व्हिडिओ सगळं इंग्रजीत. तेव्हा क्लास वाईटच असं नाही, फक्त सातवीत नको. नववीपासून बघा. तोपर्यंत अपूर्णांक आणि समीकरणं पक्की करून घ्या, आणि एनसीईआरटीची सायन्सची पुस्तकं साइटवर फुकट आहेत, रोज एक पान इंग्रजीतून वाचायला लावा. माझं अर्ध वर्ष शब्दांतच गेलं, 'त्वरण' मला येत होतं, 'ॲक्सिलरेशन' ऐकलं की ततपप.

मालवणचे_गुरुजी
बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीला असते, तुमची सहावी गेली, नववीला बसवा. तिच्यात लेखीनंतर प्रात्यक्षिक असतं, तिथे पाठांतरवाले गळतात. शाळा अनुदानित असेल आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा सोडू नका, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात.
आणि समुद्र दारात असताना कणकवलीला कशाला पाठवताय? आमचो आजो घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगायचो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा. हे का जमतं ते मुलाला शोधू द्या. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो, ३६० अंशांना २४ तास तर १२ अंशांना ४८ मिनिटं. आजोबांनी तोंडी हिशेबाला सोपं म्हणून ४५ धरली. जेटीच्या पायऱ्यांवर खडूने खुणा करून मुलालाच तपासू द्या, पण बरोबर मोठं माणूस पाहिजे, शेवाळाच्या पायरीवर पोरं हमखास घसरतात.

हापूसघर
सगळ्यांचे आभार. क्लासला नाही सांगितलं, नववीला बघू. गुरुजी, रविवारी षष्ठी होती म्हणून बापलेक खाडीच्या जेटीवर बसले. पाऊणपट केली तर साडेचार येतात. याने तीनपासून दर दहा मिनिटांनी खडूची रेघ मारली. पाणी सव्वाचारलाच उतरायला लागलं. आता घरी आल्यापासून एकच, ४५ च्या जागी ४८ धरले तर उत्तर अजून पुढे जातं, मग पाणी आधी कसं उतरलं? मिस्टर म्हणतात वारा असेल. मला तर काहीच सुचत नाही.

मालवणचे_गुरुजी
वारा नव्हे. रोजचा उशीर सारखा नसतो, उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कमी आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास जास्त. शिवाय प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी. पण हे त्याला आत्ता सांगू नका. आधी अष्टमीची, एकादशीची खूण घेऊ द्या.

हापूसघर
अष्टमी मंगळवारी येते, शाळा पाचला सुटते. दप्तर जेटीवरच घेऊन जातो म्हणतोय.