तारण फुकट, मग शिष्यत्व कशाला?

इथल्या एका प्रतिसादात म्हटलंय की तारण, म्हणजे ख्रिस्तामुळे पापातून होणारी सुटका, एकदा मिळालं की झालं, त्याचा शिष्य होऊन जगणं ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग. मला हे अर्धंच पटलं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं २:८ सगळ्यांना तोंडपाठ आहे: तारण कृपेनं, आपल्या हातून नव्हे. पण दोनच वचनं पुढे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलंय. नागपुरात सदर भागातल्या चर्चमध्ये उपासनेनंतर चहा पिता पिता हा वाद रंगतो तेव्हा गाडी आठव्या वचनावरच अडते, दहावं कोणी काढतच नाही!

दुसरं टोकही नको. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला ना बाप्तिस्मा घेता आला, ना एक दिवस सेवा करता आली, तरी ‘आज’च सुखलोक मिळाला. म्हणजे शिष्यत्व ही तारणाची फी नाही. फक्त त्याच्याकडे वेळ उरला नव्हता, आपल्याकडे आहे.

आपल्या नागपूरचंच बघा ना. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९३ मध्ये इथून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार हातात ठेवला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. घर दुरावलं, पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. पगार सोडला म्हणून त्यांचं तारण झालं, असं कोणीच म्हणणार नाही. तारण झालं होतं म्हणून तो पगार सुटला, असं मी म्हणेन.

शिष्यत्वाची किंमत सांगताना येशूनं लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १४) दाखला दिलाय: बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. बाप्तिस्म्याच्या वर्गात हा अध्याय घेतात का, इथल्या चर्चच्या पाळकांपैकी कोणी सांगेल का?