मदत हवी आहे: कार्ब्युरेटर जिप्सीत एस्टीमचं १६ व्हॉल्व्ह इंजिन

गाडी १९९८ ची मारुती जिप्सी किंग, एमएच-१२, ८ व्हॉल्व्ह कार्ब्युरेटर. नाना पेठेतून आणलेलं इंजिन मारुती एस्टीमचं, जी१३बीबी मॉडेल, एमपीएफआय (म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शनचं). दोन्ही १.३ लिटर आणि एकाच घराण्यातली, पण एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. सगळी गोची तिथेच आहे.

जिप्सीत पुढचा डिफरन्शियल इंजिनखाली येतो, म्हणून संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) जिप्सीचाच लावणार. ऑइल स्ट्रेनरही (ऑइल पंपाची ओढनळी आणि जाळी) त्याच्याच जोडीचा, नाहीतर चढावर पंप हवा ओढेल आणि बेअरिंगं जातील. माउंटिंग ब्रॅकेट, फ्लायव्हील, क्लच जिप्सीचे जुनेच. इंजिनवरचा मेकॅनिकल पेट्रोल पंप इंजेक्शनला लागणारा दाब देत नाही, त्यामुळे टाकीत इलेक्ट्रिक पंप आणि रिटर्न लाइन. ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) आणि अख्खं वायरिंग त्याच एस्टीमचं मिळालंय, कापलेलं नाही.

अडलंय ते इथे. क्रँकच्या मागच्या टोकाला गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बेअरिंग बसेल असं भोक एस्टीमच्या क्रँकला असतं का, की लेथवर बुश करून घ्यावा लागतो? हेडच्या मागचा सेन्सर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) टेकतो का? इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) एमपीएफआय जिप्सीचाच शोधायला हवा का?

आणि कागदपत्रं: आरसीवर इंजिन नंबर बदलायला पुणे आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधीच घ्यायची आहे. व्हॉल्व्हची संख्या आणि इंधनप्रणाली बदलत असताना कोणाला ती मिळाली आहे का? इंजिनाच्या बिलाशिवाय आणखी काय जोडलंत? हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया फोटो टाका, विशेषतः संप आणि फायरवॉलच्या बाजूचे.