मूत्राशयात बीसीजी : कुणाला अनुभव आहे का?

ए-२०४ : नमस्कार मंडळी. बाबांच्या मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढली. आता डॉक्टर म्हणतात, दर आठवड्याला एक असं ६ वेळा आत बीसीजी सोडायचं. बाळांना देतात तीच लस ना, टीबीची? बाबा अडून बसलेत, "कॅन्सरवर आता टीबी पण लावून घेऊ का?"

सी-७०१ काकू : आमच्या ह्यांनी सहाही डोस घेतलेत रे. बारीक नळीतून सोडतात आणि दोन तास लघवी धरून ठेवायची. आम्ही परळलाच थांबायचो, मग लोकल पकडायचो. रात्री जळजळ, कणकण. एक-दोन दिवसांत उतरायची. त्या दिवशी पुढचे ६ तास दर वेळी बसूनच लघवी करायची, कमोडमध्ये ब्लीच ओतायचं आणि १५ मिनिटांनी फ्लश.

बी-१०३ काका : मी लॅबमध्ये आयुष्य काढलं, म्हणून सांगतो. जंतू जिवंत असतात, पण दुबळे केलेले. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं ते २३० वेळा नव्याने वाढवून त्यांचा जोर घालवला. खरी करामत त्यांच्या मेणचट कवचाची. आपल्या पेशींवर त्या कवचाचे तुकडे ओळखणारे पहारेकरी असतात. ते जागे झाले की संरक्षक पेशी मूत्राशयाच्या अस्तरात धावून येतात आणि तिथल्या कॅन्सरपेशीही मारतात. न्यूयॉर्कचे डॉ. कोली १८९१ पासून गाठीत जंतू टोचून हेच साधू बघत होते. मूत्राशयात बीसीजी वापरल्याचा पहिला अहवाल कॅनडाच्या मोरालेस यांचा, १९७६ चा.

ए-५०१ : मग ही फॉरवर्डमधली जिवाणूंची कॅप्सूल? सगळ्या कॅन्सरवर चालते लिहिलंय, घरपोच देतात.

बी-१०३ काका : अजिबात घेऊ नका, आणि कृपया पुढे पाठवू नका. बीसीजी तिथल्या अस्तराला प्रत्यक्ष भिडतं म्हणून लागू पडतं, तेही गाठ स्नायूत शिरलेली नसेल तर. कवचाच्या एका तुकड्यावरून बेतलेलं मिफामुर्टाइड नावाचं औषध आहे, पण ते हाडाच्या एका कॅन्सरसाठी, केमोसोबत, शिरेतून. ए-२०४, बाबांना स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लघवीत रक्त किंवा इन्फेक्शन असेल तर डोस पुढे ढकलतात. ताप उतरेना तर वाट न बघता फोन करायचा.

ए-२०४ : बाबांना सगळं वाचून दाखवलं. विचारतायत, ७०१ च्या काकांशी बोलता येईल का?

सी-७०१ काकू : सातनंतर बागेतल्या बाकावर बसतात हे. आमची लिफ्ट बंद आहे, बाबांना जिने चढवू नकोस. तिथेच आण.