पायाच्या अंगठ्याचं नख रुतणं: तुमचे अनुभव सांगा

तेरडा:
माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो. दोन महिन्यांपासून उजव्या अंगठ्याचं नख कडेच्या मांसात रुतलंय. आधी नुसतं लाल दिसायचं. गेल्या आठवड्यात मोजा काढला तर त्यावर पिवळट डाग, आणि नखाच्या कडेला मसुराएवढं लालभडक मांस वर आलेलं. जरा धक्का लागला की रक्त येतं. रात्री पांघरुणाचा स्पर्शही त्याला सोसत नाही. सासूबाई म्हणतात नखुरडं, शेजारच्या काकू म्हणतात कुरूप, आणि दोघींची औषधं वेगळी. मला फार अपराधी वाटतंय, कारण दर रविवारी त्याची नखं मीच काढते आणि कोपरे अगदी खोलवर गोल करते. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी घरी काय केलं, डॉक्टरांकडे कधी गेलात, नख काढावं लागलं का, पुन्हा झालं का, सगळं सविस्तर लिहा.

सह्यवाट:
माझं वेळेत लक्षात आलं म्हणून घरीच निभावलं. गड उतरताना बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात, त्यातून सुरुवात झाली. पू नव्हता, नुसता ठणका आणि सूज. कोमट पाण्यात मीठ टाकून १५ मिनिटं पाय बुडवायचा, दिवसातून तीनदा. मग पाय पुसून नखाच्या रुतलेल्या कोपऱ्याखाली कापसाची अगदी बारीक वळकटी सरकवायची, निरांजनातल्या वातीच्या निम्म्याहून बारीक. रोज नवी. पहिले दोन दिवस डोळ्यांत पाणी आलं. नखालगतचं मांस चिकटपट्टीने बाजूला ओढून धरलं, त्यानेही दाब कमी झाला. तीन आठवड्यांत नख मांसाच्या पुढे आलं. तेव्हापासून नख सरळ काढतो आणि कोपऱ्यांना हात लावत नाही. पण ताई, तुमच्या मुलाला पू आहे, मांस वाढलंय. त्याला हे उपाय करत बसू नका.

कडुलिंब:
माझं दोनदा काढलं, म्हणून जरा लांबण लावते.

पहिल्या वेळी पूर्ण नख काढलं. वाटलं, सुटलो एकदाचे. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पूर्ण यायला वर्षभराहून अधिक काळ लागला. आलं ते जाड, आणि पुन्हा त्याच कडेला रुतलं. दुसऱ्या सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं: नख जिथून उगवतं ते मूळ कातडीखाली असतं, ते शाबूत राहिलं की तेवढ्याच रुंदीचं नख पुन्हा येणार. त्यांनी रुतणारी कडेची पट्टीच फक्त काढली आणि तिच्या मुळाला फिनॉल हे मूळ जाळणारं रसायन लावलं, म्हणजे तेवढा भाग पुन्हा उगवू नये. बाकीचं नख जागेवर.

दुखतं ते इंजेक्शन. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना सुई देतात, ते अर्धं मिनिट दात आवळून काढायचं. मग बोट लाकडासारखं बधिर. सिस्टरनी ट्रेमधली पट्टी दाखवली, तिच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा अणकुचीदार तुकडा होता. मी कोपरा कात्रीने खुडायचे तेव्हा खोल आत जे टोक सुटून राहायचं, ते हेच. वरून मोकळं वाटायचं आणि नख वाढलं की तेच टोक मांसात घुसायचं. तीन वर्षं मी स्वतःच ती जखम दर पंधरा दिवसांनी ताजी करत होते.

घरी आल्यावर दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवला. फिनॉलची जखम दोन-तीन आठवडे पाझरते, घाबरू नका. सहा वर्षं झाली, पुन्हा झालेलं नाही.

चाकण:
बारा तास सेफ्टी शूज घालतो. एक नंबर मोठा घेतल्यावर त्रास थांबला. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उभं राहिल्यावर बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मोजे रोज धुतलेले.

आजोळ:
घरात मधुमेह असेल त्यांनी हे नक्की वाचा. बाबांना वीस वर्षांचा मधुमेह. नख रुततंय म्हणून त्यांनी दाढीच्या ब्लेडने कोपरा कापला आणि वर हळद दाबली. दुखलंच नाही, कारण पायाची संवेदना गेलेली. आईला वास आला म्हणून तिने पाय पाहिला, तोवर लाली पावलाच्या मध्यापर्यंत चढली होती. शिरेतून अँटिबायोटिक, अकरा दिवस हॉस्पिटल. अंगठा वाचला. आता मी रोज रात्री त्यांचे दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, टॉर्च लावून बघते. अशा माणसाने कापसाची वळकटीही घरी घालू नये, गरम पाण्याचा शेकही नको. पाय पोळला तरी त्यांना कळत नाही.

तेरडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. कडुलिंब, तुमचं वाचलं आणि तशीच आम्ही सर्जनची वेळ घेतली. काल झालं. कडेची पट्टी काढून फिनॉल लावलं, वाढलेलं मांसही काढलं. इंजेक्शनच्या वेळी त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले. आत्ता, पाय उशीवर ठेवून शांत झोपलाय, पांघरूण अंगठ्यावर असूनही. डॉक्टरांनी फुटबॉलचे बूट मागवून बघितले, दीड नंबर लहान निघाले. सहा महिन्यांत पाय एवढा वाढला आणि तो बोलला नाही, संघातून काढतील या भीतीने. या वयाच्या मुलांच्या आयांनो, बुटात बोट घालून एकदा बघा.

आता एक विचारायचंय. फिनॉल केल्यावर तुमची मुलं मैदानावर किती दिवसांनी परतली? तो उठल्या उठल्या हेच विचारणार आहे.