प्रतिसाद: फिल्टर असूनही टाक्यातलं पाणी हिरवं
दादा, तुम्ही लिहिलंय की फिल्टर असूनही माशांच्या टाक्यातलं पाणी हिरवं होतंय आणि दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली चकाचक धुताय, तिथंच घोळ होतोय बघा, कारण माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात आणि नळाच्या क्लोरीननं मरतात. टाक्यातलंच पाणी बादलीत घ्या, त्यात हलकं पिळा, बास.

आणि उरलेलं नायट्रेट शेवाळ खातं, त्यानंच पाणी हिरवं होतं; झाडं ते नायट्रेट शोषून घेतात, म्हणून झाडं पाहिजेतच. आमच्या बेळगावात कर्दळ कुठंही मिळते, मुळं धुऊन खडीत लावा, वाळाही चालतो. निम्मं पाणी कमळाच्या पानांनी झाकलं की ऊनही कमी. जलपर्णी लावलीत तर काढलेली मात्र नाल्यात अजिबात टाकू नका, तिथं ती झपाट्यानं पसरते, कळकळीनं सांगतोय. पावसाळ्यात लाल मातीचं पाणी आत येऊ नये म्हणून काठ जरा उंच करा.