सालाझारच्या काटकसरीचे कौतुक करावे का?

चर्चाप्रस्ताव:

२००७ साली पोर्तुगालच्या सरकारी दूरचित्रवाणीने ‘सर्वांत थोर पोर्तुगीज कोण?’ असा कौल प्रेक्षकांकडून मागवला, तेव्हा ४१ टक्के मते घेऊन देशाचा जुना हुकूमशहा पंतप्रधान सालाझार पहिला आला. ज्याच्या राजवटीत गोव्यात साधी लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे, त्याला हा मान मिळावा, हे मला खुपते. त्याच्या बाजूने काटकसर आणि सचोटी पुढे केली जाते. पण त्याने हिशेब जुळवले ते हिशेब विचारण्याचा लोकांचा हक्क काढून घेऊन, हे विसरता येत नाही.

पहिला प्रतिसाद:

आपला संताप समजतो, तरी १९२८ चा पोर्तुगाल डोळ्यांसमोर आणल्याशिवाय निवाडा करू नये. १९१० ते १९२६ या सोळा वर्षांत तिथे चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे आली नि गेली, आणि तिजोरीत खडखडाट होता. कोइंब्रा विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या सालाझारने त्या वर्षी अर्थखाते स्वीकारतानाच सर्व खात्यांच्या खर्चावर नकाराधिकार मागून घेतला आणि वर्षभरात अंदाजपत्रक शिलकीत आणले. पुढे दुसऱ्या महायुद्धात देश तटस्थ राहिला, आणि एवढी वर्षे सत्तेत राहूनही त्याने स्वतःचे घर भरले नाही. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

दुसरा प्रतिसाद:

तिजोरी भरली, पण कोणासाठी? १९६० च्या सुमारास तिथे साधारण तिघांतल्या एकाला लिहितावाचता येत नव्हते. १९३३ च्या राज्यघटनेवर सार्वमत घेतले, तेव्हा मतदानाला न आलेल्यांनाही होकारात धरले गेले. विरोधकांसाठी ‘पीडे’ हे गुप्त पोलीस खाते आणि केप व्हर्दे या आफ्रिकेजवळच्या वसाहतीतली ताराफालची कैद्यांची छावणी होती. आमच्या गोमंतकीयांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडलेले गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे १९६९ च्या जानेवारीत सुटले. म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षे लोटली, तरी ते कैदेतच होते.

पहिला प्रतिसादकर्ता:

रानड्यांच्या बाबतीत कोणताही बचाव मी करणार नाही. मात्र वसाहती सोडायच्या नाहीत, हा हट्ट एकट्या सालाझारचा नव्हता. त्याच्या विरोधकांपैकीही अनेकांना तो मान्य होता. सगळे खापर एकाच्या माथी फोडले, तर बाकीचे सुटतात.

प्रस्तावकाचे उत्तर:

हट्ट अनेकांचा असेल, हुकूम त्याचाच होता. १४ डिसेंबर १९६१ रोजी त्याने गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांना कळवले की तह किंवा युद्धकैदी आपल्याला अपेक्षित नाहीत. सैनिक एक तर विजयी होतील, नाही तर मरतील. भारतीय फौजेपुढे मूठभर शिबंदी घेऊन उभ्या असलेल्या त्या अधिकाऱ्याने १९ तारखेला शरणागती पत्करली, माणसे वाचवली, आणि मायदेशी परतल्यावर त्याबद्दल त्याला सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. वरिष्ठाला सत्य सांगण्याची ही किंमत असेल, तर पुढे सांगणार कोण? १९६८ मध्ये मेंदूला इजा होऊन सालाझार अंथरुणाला खिळला, त्याच्या जागी कायतानु पंतप्रधान झाले, आणि तरीही जुलै १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत आपले पद गेल्याचे त्याला कोणी सांगितले नाही. मंत्री भेटीला येत राहिले आणि तो त्यांना सूचना देत राहिला.