परीघरे: बांधलेली आणि विकत आणलेली

जंगलवाटेवरील परीघरांमुळे, म्हणजे परींसाठी म्हणून वाटेकडेला मांडलेल्या चिमुकल्या घरांमुळे, मुलांच्या मनात निसर्गाऐवजी निव्वळ कल्पित रुजते, असा एक आक्षेप घेतला जातो. तो आयत्या, रंगवलेल्या घरांना लागू पडतो. मुलांनी स्वतः बांधलेल्या घरांना मात्र नाही. अमेरिकेतील मेन राज्यात, पोर्टलंडजवळच्या मॅकवर्थ बेटाला वळसा घालणाऱ्या सुमारे २ किलोमीटर लांबीच्या पायवाटेवर परीघरांसाठी खास जागा राखलेली असून तेथे जिवंत वनस्पती किंवा कृत्रिम वस्तू वापरण्यास मनाई आहे.

माझ्या मते खरे शिक्षण या मनाईतच आहे. छपरासाठी साल हवी असेल, तर ती झाडावरून सोलायची नसते, गळून पडलेली हुडकावी लागते. आणि हुडकताना कुजक्या ओंडक्याच्या ओलसर बाजूला एखादी गोगलगाय दिसली, की परीचे घर बाजूला पडते आणि मूल तिथेच उकिडवे बसून राहते. शेवाळ्याचा मोह सर्वांनाच होतो, पण ते सावकाश वाढते आणि उपटलेली जागा बराच काळ उघडी राहते, हे मुलांना आधीच सांगावे.

आयत्या वस्तूंचे काय होते, ते इंग्लंडमधील सॉमरसेटच्या वेफर्ड वुड्स या जंगलात दिसले. तेथे झाडांच्या बुंध्यांवर बसवलेली परींची इवली दारे इतकी वाढली (यात पालकांचा उत्साह मुलांपेक्षा दांडगा असणार), की २०१५ मध्ये जंगलाच्या विश्वस्तांना त्यांवर नियंत्रण आणावे लागले.